तांडेलाचा होकार

वसई, २९ डिसेंबर १९५७

डॉमनिक तांडेल यांस हरेश्वर मास्तराचा रामराम.

पत्र यंदा पाकिटातून आले म्हणून दचकू नकोस. आजवरची माझी सगळी कार्डे इथल्या पोस्टमनने वाचली, जाफराबादच्या पोस्टमनने वाचली, मधल्या कोणी कोणी वाचली असतील. ज्याला लिहिली त्याने मात्र एकाचेही उत्तर दिले नाही. म्हटले, मधल्या लोकांची करमणूक तरी थांबवावी.

रामू, तू तिथल्या मिठाच्या वखारीतला कारकून आणि माझा जुना विद्यार्थी. तांडेलाला माझी पत्रे तूच वाचून दाखवतोस हे मला ठाऊक आहे. शाळेत तू स्वल्पविरामाला कधी थांबला नाहीस. इथे थांबत जा. आणि मी जिथे 'हे वाचू नकोस' असे लिहीन तिथे खरोखरच वाचू नकोस.

तर डॉमनिक, नाताळ पार पडला. जुलियाना वहिनींनी करंज्यांचे ताट पाठवले. करंज्या तिखटाच्या होत्या की गोडाच्या यावर माझ्या घरात अजून एकमत नाही. तुझ्या अंगणातल्या बांबूच्या वलांडीवर यंदाही बोंबील वाळत आहेत, पण ते दुसऱ्याच्या बोटीचे. वहिनी मजुरीने वाळवतात. तुला सोडून सगळ्या पाचूबंदराला ठाऊक असलेली गोष्ट आहे, म्हणून लिहिली.

तुझ्या इनेझची प्रकृती उत्तम आहे. दोन वर्षांपूर्वी चार पावले चालून धापा टाकणारी मुलगी आता टोपली घेऊन बाजारापर्यंत जाते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. नाताळच्या सकाळच्या मिस्सेला ती पुढे उभी राहून गात होती. मी दरवर्षीप्रमाणे बाहेर, चपलांची राखण करत. एका कडव्याच्या मध्येच ती खाली बसली. उकाडा फार होता. डिसेंबरात उकाडा कसला, असे तू विचारशील, म्हणून आधीच सांगून ठेवतो की चर्चमध्ये मेणबत्त्या फार होत्या.

एक गोष्ट विचारायची होती. आज नको. आज नुसती खुशाली.

तुझा,
हरेश्वर

वसई, १७ जानेवारी १९५८

डॉमनिक,

मेणबत्त्यांचा दोष नव्हता.

आज वर्गात मुलांना रूपे घोकायला लावली आणि दोनदा बाहेर जाऊन आलो. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. मुलांना वाटले, मास्तरांचे पोट बिघडले. मी तसेच वाटू दिले. तुझ्यापाशी तसे करून भागणार नाही.

नाताळनंतर एका सकाळी इनेझ ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. मी सहज तिचा हात धरला. पाठशाळेत असताना मी एका वैद्यबुवांकडे दोन पावसाळे नाडी शिकलो आणि तेवढ्या भांडवलावर गेली कित्येक वर्षे तुम्हा साऱ्यांना पथ्ये सांगत आलो, हे तू जाणतोस. माझे पथ्य कधी पाळले नाहीस, ती गोष्ट वेगळी. तर नाडी पळत होती. पळता पळता थांबली. मग दोन ठोके घाईघाईने आले, एक अगदी फिका आला, पुन्हा थांबली. आयुष्यभर मी वृत्ते शिकवली, पण ही चाल कुठल्याच वृत्तात बसेना.

"काय होतंय गं?" मी विचारले.

"काय नाय मास्तर. टोपलीत जित्ता मासा उडतो ना, तसा छातीत उडतो. मंग दमतो. मंग मी पन दमते."

"कधीपासून?"

"पावसापासून. आयला सांगू नका."

मी लगेच जाऊन तिच्या आईला सांगितले.

मुंबईला, दोन वर्षांपूर्वी ज्यांनी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया केली त्याच डॉक्टरांकडे तिला नेले. अंगाला तारा लावल्या, कागदाच्या लांब पट्टीवर सुईने रेघा काढल्या. पट्टीवरचे डोंगर एकमेकांपासून समान अंतरावर हवेत. हिचे एखाद्या आळशी पोराच्या हस्ताक्षरासारखे कुठेही उभे. डॉक्टर मला म्हणाले ते तुला जसेच्या तसे सांगतो. जन्मल्यावर मिटायला हवी होती आणि मिटली नाही अशी जी नळी हृदयापाशी होती, ती उत्तम बांधली गेली आहे. तिथे काही बिघाड नाही. पण पंधरा वर्षे त्या हृदयाने दुप्पट रक्त वाहिले, त्याचा एक कप्पा ताणला गेला. ओझे उतरले तरी कप्पा ताणलेलाच राहिला आणि आता तिथून ठोक्यांचा गोंधळ उठतो. अशा शस्त्रक्रियेनंतर काही जणांना हे होते. असेच चालू दिले तर त्या कप्प्यात रक्त साकळेल, गुठळी होईल, आणि ती कुठे जाऊन बसेल ते सांगता येत नाही. औषध आहे. क्विनीनच्या कुळातले, कडू, आणि स्वभावाने तापट. बहुतेकांना उतार देते, क्वचित उलटतेही, म्हणून ते घरी द्यायचे नाही. मुलीला तिथे ठेवावे लागेल, आणि लवकर.

वहिनी तिथून उठल्या आणि मुलीचा हात धरून चालू लागल्या. मी मागून धावलो.

"गेल्या टायमाला तो दर्यावर होता," त्या म्हणाल्या, "तुमी म्हनलात म्हनून मी अंगठा दिला. पोरगी वाचली नि माझा घरधनी गेला. आता तो हो म्हनल तवाच."

"आणि तो काही म्हणालाच नाही तर?"

"तुमी शिकलेले हाव ना? त्याच्याकडून म्हनवून घ्या."

तेव्हा माझी कामगिरी ही. तू हो म्हण. एका शब्दाचे काम आहे. नाही म्हणायचे असेल तर नाही म्हण. निदान भांडायचे कोणाशी ते मला कळेल. दोन वर्षांपूर्वी तू जाताना मला जे बोललास ते मी विसरलेलो नाही. विसरण्यासारखे मराठी तू वापरलेच नव्हतेस. ते सगळे मी मान्य करतो, पुन्हा बोलायचे असेल तर पुन्हा बोल, फक्त शेवटी हो म्हण.

हरेश्वर

वसई, ४ फेब्रुवारी १९५८

डॉमनिक,

तुझे काही आले नाही. रामूचे कार्ड आले. तो लिहितो, तांडेल तुमचे पत्र एकदा वाचायला लावतात, मग पुन्हा वाचायला लावतात, आणि मग म्हणतात, वाऱ्यामुळे ऐकू आले नाही. वखारीच्या आत, चार भिंतींत, मिठाच्या गोण्यांमध्ये कुठला वारा वाहतो ते मला समजले नाही, पण तू बोट हाकणारा तांडेल, दर्याचा माणूस, तुला जास्त कळत असेल.

तू का गप्प आहेस, ते मात्र मला समजते. पोरगी तान्ही असल्यापासून तुझ्या छातीवर झोपायची. तिच्या छातीत सतत एक घरघर असे, मांजर अंगावर बसले की लागते तशी. डॉक्टर तिला गिरणीचा आवाज म्हणतात. तू म्हणायचास, दर्या ऐकू येतो. बोटीवरून आलास की आधी तिच्या पाठीवर तळवा ठेवायचास आणि मग भाकरी मागायचास. शस्त्रक्रिया झाल्यावर तू आलास, तळवा ठेवलास आणि चटका बसल्यासारखा काढून घेतलास. "हिला बंद केलीत रे," म्हणालास. तो आवाज म्हणजे दुखणे होते, हे मी तुला पुष्कळ समजावले. मला वाटले होते, समजावले की काम झाले. आम्हा मास्तरांची ही जुनी खोड. तुझी मुलगी होती त्या आवाजात, आणि आम्ही तो तुला न विचारता काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तू जाफराबादच्या बोटीवर चढलास. हे सगळे खरे. पण डॉमनिक, आज त्या छातीत जे चालले आहे ते घरघर नव्हे, दर्या नव्हे, आणि ते आपल्या भांडणाच्या निकालापर्यंत थांबणारही नाही.

रामू, आता पुढचे वाचू नकोस. (वाचशीलच. मग हळू वाच.)

वैद्यबुवांनी मला एक नियम पाठ करून घेतला होता. थांबून थांबून चालणारी नाडी माणसाचे प्राण घेऊन जाते. मी तो न अडखळता म्हणून दाखवला होता आणि शाबासकी मिळवली होती. त्या सकाळी ओट्यावर इनेझचा हात माझ्या हातात होता आणि तो नियम माझ्या कानात. मुंबईच्या डॉक्टरांनी औषध आहे म्हटले, मी मान डोलावली, आणि विश्वास ठेवला वैद्यबुवांवर. पोथीत एकदा बसलेले माझ्यासारख्याच्या डोक्यातून निघत नाही. तिला पाहिले की मला वाटे, ही गेली. मी तिच्याशी गोड बोलू लागलो. तिच्यासाठी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी नेऊ लागलो.

गेल्या आठवड्यात तिने मला अंगणात अडवले.

"मास्तर, मी मरते काय?"

"भलतेच काय बोलतेस?"

"मंग तुमी माझी चेष्टा करायचं का सोडलंत? मला बोंबलाची राणी म्हनत नाय. माझ्या गान्याला नावं ठेवत नाय. कालधरनं तीनदा सुकेली दिलीत. तवाच मना कललं, मास्तरला कायतरी ठाव हाय."

मी तिला नियम सांगितला. काय करणार? तिने ऐकून घेतला, बोंबलाचे डोके मोडून बाजूला टाकले आणि म्हणाली, "तुमच्या त्या वैद्यानं काप घातलेली छाती कवा बघितलेली काय?"

मी दुसऱ्याच दिवशी शाळेला बुट्टी मारून मुंबईला गेलो आणि हाच प्रश्न अधिक सभ्य भाषेत डॉक्टरांना विचारला. ते हसले. म्हणाले, "तुमच्या वैद्यांकडे अशी नाडी घेऊन जे येत ते शेवटच्या घटकेला येत. त्यांनी पाहिले ते खरेच लिहिले. पण ही मुलगी शेवटच्या घटकेला आलेली नाही, मास्तर. तुम्ही लोक तिला तिथवर नेऊन बसवू नका म्हणजे झाले."

तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. मरणारच असे वाटत होते तेव्हा एक प्रकारची स्वस्थता होती. आता ती वाचू शकते असे कळले आहे आणि मध्ये फक्त तुझा एक शब्द आहे. पाचूबंदरावर जाऊन उभा राहतो, शीड दिसले की पुढे होतो. कोळणी विचारतात, मास्तर, मासळी घेता काय? सोवळ्याओवळ्याची अब्रू गेली.

इनेझ म्हणते, "बा नाय म्हनला काय?"

मी म्हणतो, "काहीच म्हणाला नाही."

"मंग नाय म्हनला नाय ना!" ती आईला ओरडून सांगते. आई उत्तर देत नाही. तुम्हा नवराबायकोत कोण जास्त गप्प राहते, याची पैज लागली आहे असे दिसते. पणाला कोण लागले आहे ते बघ.

हरेश्वर

मुंबई, १३ फेब्रुवारी १९५८

डॉमनिक,

हे रुग्णालयातून लिहितो आहे. मांडीवर कागद आहे, अक्षर वाईट आले तर रामूने शाळेतला सूड घेऊन हसावे.

मी तुझ्या नावाने खोटे बोललो. कसे ते ऐक.

सोमवारी तुझ्याबरोबरचा खलाशी पास्कल सुकी मासळी घेऊन जाफराबादहून आला. मी त्याला पाण्यातच गाठले. "तांडेलाने काही सांगितले?" तो म्हणाला, "तांडेल बराय. जालं शिवतो." बस. एवढ्या मोठ्या दर्यातून एवढीच बातमी. मी त्याचा दंड धरला आणि तसाच ओला तुझ्या दारात नेऊन उभा केला. वहिनी आणि इनेझ ओट्यावर होत्या. वाटेत मी मनाशी तयारी केली होती. खणखणीत आवाजात म्हणालो, "वहिनी, पास्कलबरोबर डॉमनिकचा निरोप आला आहे. तो म्हणतो, जुलियानाने इनेझला निश्शंक मनाने रुग्णालयात न्यावे, माझी पूर्ण संमती आहे."

पास्कलने तोंड उघडले ते उघडेच ठेवले.

वहिनी म्हणाल्या, "काय मनानं?"

"निश्शंक."

"डॉमनिक बोलला? निश्शंक?"

"अर्थ तोच होता," मी म्हणालो.

"यात शिवी कुठंय?" वहिनी म्हणाल्या. "लग्नाच्या दिवशी फादरसमोर हो म्हनला तवा पन एक शिवी घातलेली त्यानं. मास्तर, खोटं बोलायचं तर मानसासारखं बोलावं!"

आणि त्या हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. इनेझ तर टोपलीवर पडून हसली. "निश्शंक मनानं! बा! आमचा बा!" पास्कल हसला, मीही हसलो. मग लक्षात आले की इनेझ हसत नाही. ती तशीच टोपलीवर पडून होती, ओठ राखेसारखे. मी हात धरला. नाडी बोटांना लागेना. लागली ती अशी की मोजताच येईना, नुसती फडफड.

वहिनींनी तिचे डोके मांडीवर घेतले, तोंडावर पाणी मारले. तिने डोळे उघडले. मला वाटले, आता रडारड होईल. वहिनी म्हणाल्या, "पास्कल, हिला उचल. मास्तर, टांगा सांगा."

मी मूर्खासारखा म्हणालो, "पण डॉमनिकचा..."

"टांगा सांगा म्हनते ना!"

इथे आल्यावर कारकुनाने विचारले, मुलीचे वडील कुठे आहेत? वहिनी म्हणाल्या, "दर्यावर. मी हाय." आणि विचारायच्या आत अंगठा पुढे केला.

औषध सुरू झाले आहे. पहिल्या दिवशी उलट्या, पोट बिघडले, कानात घंटा वाजू लागल्या. त्या औषधाने वाजतात म्हणे. मी म्हटले, "चर्चच्या असतील." ती म्हणाली, "आपल्या चर्चची घंटा चिरकी हाय मास्तर. ह्या चांगल्या वाजतात." म्हणजे जीव शाबूत आहे. ठोके मात्र अजून तसेच, बेशिस्त. दर थोड्या वेळाने मी तिचे मनगट धरतो. नर्सबाईंनी आज मला खोलीबाहेर काढले, म्हणाल्या, "तुमच्या हाताला घाम सुटतो, त्याने पेशंट घाबरते." आता बाहेरच्या बाकावर आहे. बसवत नाही, चालतो. चालवत नाही, लिहितो.

उद्या औषध वाढवणार आहेत. उलटले तर काय, असे वहिनींनी डॉक्टरांना तोंडावर विचारले. डॉक्टरांनीही तोंडावर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "द्या."

तुझा होकार आता नको आहे. 'तू ये' असे मात्र म्हणेन. किंवा म्हणणार नाही. मला काही सुचत नाही.

हरेश्वर

वसई, ३ मार्च १९५८

डॉमनिक,

लय परतली. औषध वाढवल्यावर एका सकाळी इनेझ म्हणाली, "मासा गेला." आम्हाला वाटले, भ्रम झाला. पट्टी काढली, तर डोंगर ओळीत उभे, समान अंतरावर, जणू कवायतीला. डॉक्टर म्हणाले, फार हुरळू नका. कप्पा ताणलेला आहे तो आहेच. गोंधळ पुन्हा उठू शकतो, पुन्हा यावे लागेल. गोळ्या रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. वहिनींनी मला विचारले, "बरी झाली की नाय झाली?" मी म्हटले, "बरी राहावी लागेल." हे वाक्य त्यांना पटले.

आम्ही घरी आलो. इनेझ पुन्हा ओट्यावर बसते. मी जाता येता मनगटाकडे हात नेतो, ती हात पाठीमागे लपवते आणि म्हणते, "आदी चेष्टा करा." मी तिच्या गाण्याला नावे ठेवतो, मग ती हात देते. चार ठोके नीट लागले की मला पाचव्याची धास्ती. हे माझे आता जन्माचे झाले.

मी तुला एक मोठे पत्र लिहायला घेतले होते. त्यात तुझ्या गप्प बसण्याची कारणे, त्यांचे खंडन, मग थोडी करुणा, मग थोडा राग, अशी सगळी मांडणी होती. आज दुपारी जुलियाना वहिनी शाळेत आल्या. डोक्यावरची टोपली दाराशी ठेवली, मुलांना बाहेर पिटाळले, माझ्यासमोर बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "लिवा. नि भाषा सुधारू नका." तसे लिहितो.

"डॉमनिक. पोरगी बरी हाय. परत बिघडंल असं डाक्टर म्हनतो. बिघडली तर परत नेईन. मी तुझ्या हो ची वाट बघत बसले नि पोरगी माझ्या मांडीवर चाललेली. आता कुनाची वाट बघनार नाय. तुला यायचं असंल तर ये, घर तुझं हाय. पन मना का नाय विचारलं म्हनून भांडायला येऊ नको, नि माफी मागायला पन येऊ नको. दोन्हीला मना वेल नाय. सकालची गोली मी देते. दुपारची द्यायला घरात कोन नसतं, मी बाजारात असते, नि ती भवानी इसरते. मास्तर येतात, पन ते गोली हातात धरून बोलत बसतात. दुपारची गोली कुनीतरी द्यायला पायजे. ते करनार असशील तर ये."

मी विचारले, "एवढेच?"

"एवढंच. नि तुमी त्याच्या खाली आपलं कायतरी लिवू नका."

म्हणून खाली काही लिहीत नाही.

हरेश्वर